आईचं कुंकू गेलं कुठे?

प्रश्न : आईला पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतात. आयुष्यभर तिने बिड्या वळल्या. वाढदिवसाला तिचा मोबाइलवर काढलेला फोटो काळा-पांढरा करून मोठा करायचाय. पण ॲपमध्ये रंग काढला की कपाळावरचं कुंकूच दिसेनासं होतं, आणि वडील तर समोर बसलेले! बहीण म्हणते, "असले फोटो हार घालायला असतात." काय करू?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आधी कुंकवाचं बघू, वडिलांसाठी. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत लाल-नारिंगी भरपूर असतो. ॲपने लाल उजळ धरला की कपाळ आणि कुंकू एकाच राखाडी रंगात मिसळतात. जुन्या स्टुडिओतल्या आज्यांचं कुंकू मात्र ठसठशीत काळं दिसतं, कारण तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. ॲपमध्ये काळ्या-पांढऱ्यासाठी लाल आणि नारिंगीच्या वेगवेगळ्या सरकवायच्या पट्ट्या (स्लायडर) असतील, तर फक्त लाल खाली ओढा. कातडी बरीचशी नारिंगीत मोडते, ती फारशी काळवंडणार नाही. ओठ थोडे गडद होतील, ते चालतं.

बहिणीचं अगदीच चूक नाही. हाराचा फोटो बहुतेक वेळा ओळखपत्रावरून मोठा केलेला असतो : समोरून फ्लॅश, चेहरा सपाट. दोष रंग नसण्याचा नाही, उजेडाचा आहे. म्हणून मी तर म्हणेन, नवीनच काढा. सकाळी आईंना दाराशी बसवा, ट्यूबलाइट बंद. उजेड एका बाजूने आला की गालाचं हाड, डोळ्याखालची घडी, सगळं उठून येतं. रंगीत फोटोत मागची निळी बादली आणि कॅलेंडर डोळा ओढतात; काळ्या-पांढऱ्यात त्यांचा आवाज बंद होतो.

आणि "हस ना" म्हणू नका. १९४१ साली छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला, तेव्हा तो प्रसिद्ध रागीट चेहरा मिळाला. तुम्ही उलट करा, आईंच्या हातात द्या : मांडीवर सूप, पानं, तंबाखू, दोरा. वळताना अंगठा कसा पान दाबतो, ते चौकटीत येऊ द्या. हात कापू नका, त्यांची अर्धी ओळख तिथेच आहे. हार घालायच्या फोटोत हात कधी पाहिलेत?

छापताना मॅट कागद सांगा. चकचकीत कागदावर घरातली ट्यूबलाइटच दिसत राहते.