पाठाच्या वहीतले शेरे आणि घरातला धाक

प्रश्न: माझी मुलगी बीडला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावी-बारावीला नव्वदच्या पुढे होती. आता शाळेत पाठ घेते, तर मॅडम दर पाठाला चुका काढतात. 'फलकलेखन सुधारा', 'आवाज चढा ठेवा', 'प्रश्न पुढच्या बाकांनाच विचारले' असे शेरे असतात. मी वही रोज बघतो. लेकरू रडतंय, पाठाला जायचं नाही म्हणतंय. प्राचार्यांना जाऊन भेटू का? की बी.एड. सोडून तलाठी भरतीला बसवू? – एक पालक, केज तालुका

उत्तर: तुमच्या पत्रातलं 'मी वही रोज बघतो' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. पदवी घेतलेली मुलगी आहे ती. अनोळखी वर्गापुढे उभं राहून दमून घरी येते आणि आल्या आल्या तिला वही दाखवावी लागते. मॅडमचा शेरा पाठाबद्दल असतो. तुम्ही तो वाचलात की तिला तो स्वतःबद्दलचा वाटू लागतो. ती मॅडममुळे रडते, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तर ती तुमच्या धास्तीने रडत असावी असं वाटतं. नव्वदच्या पुढे राहिलेल्या मुलांचं असं फार होतं. लहानपणापासून वहीवर 'छान' बघायची सवय, घरानेही तेवढंच मोजलेलं. मग कुणी 'इथे चुकलं' लिहिलं की आपण कामातूनच गेलो असं त्यांना वाटतं.

प्राचार्यांकडे अजिबात जाऊ नका. गेलात तर उद्यापासून 'पाठ चांगला झाला' एवढं लिहून सही होईल आणि तिचं शिकणं तिथेच थांबेल. वही मागणंही आजपासून बंद करा.

शेरे जास्त म्हणजे पाठ वाईट, हा समज आधी काढून टाका. तिने पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन, म्हणजे अगदी छोट्या पाठाचा सराव, केला असेल. त्याचं चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं सूचना ऐकायच्या, १२ मिनिटांत पाठ पुन्हा बेतायचा, ६ मिनिटं पुन्हा शिकवायचं आणि ६ मिनिटं पुन्हा ऐकायचं. पहिल्या वेळी चुकणार हे त्यात धरलेलंच आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतल्या अनुभवाला किमान २० आठवडे मिळाले. एवढे आठवडे एकही चूक न करता काढायचे असते, तर निरीक्षकाला वर्गात बसवलंच कशाला असतं?

पुढचं तिला वाचायला द्या.

पोरी, तुझी तक्रार पूर्ण खोटी नाही. छात्राध्यापक माझ्याशी बोलतात तेव्हा हेच सांगतात: सर दहा मिनिटं बसून उठून जातात, एक जण गटकार्य घ्या म्हणतो, दुसरा वर्गात गोंगाट झाला म्हणून गुण कापतो. 'फलकलेखन सुधारा' यातून काय सुधारायचं ते कळत नाही. अक्षर लहान आहे, फळा भरून गेला की मुलांकडे पाठ करून बोललीस? मॅडमना त्याच दिवशी, पाठ त्यांच्या डोळ्यांसमोर ताजा असताना विचार. बहुतेक जणी विचारल्यावर मनापासून सांगतात.

तिसरा शेरा मात्र सोन्यासारखा आहे. तू फळ्याजवळ, मॅडम शेवटच्या बाकावर. तुला न दिसलेलं त्यांना तिथून दिसलं. आणि आपल्या बीड जिल्ह्यात मागच्या बाकांवर कोण असतं, ते बघ. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात. काही लेकरं सोबत जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. सोबत गेलेली परततात तेव्हा पाठ पुढे गेलेला असतो, मग ती मागे सरकून गप्प बसतात. तुझा प्रश्न त्यांच्यापर्यंत गेलाच नाही, तर वर्षभर कुणाचाच जाणार नाही.

पुढच्या पाठाला एवढंच कर. कागदावर बाकांचा नकाशा काढून निरीक्षणाला बसलेल्या मैत्रिणीला दे. तू ज्याला प्रश्न विचारशील, त्या बाकावर तिने खूण करायची. पाठ संपल्यावर कागद बघ आणि कोरे राहिलेले बाक पुढच्या पाठाच्या टाचणाच्या (आधी लिहून काढलेल्या आराखड्याच्या) वर लिहून ठेव. बाकीचे शेरे तूर्त राहू देत. सगळे एकाच पाठात सुधारायला गेलीस तर शिकवणंच विसरशील.

शिक्षकाच्या नोकरीचा रस्ता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) असा आहे; तिथे या वहीतले शेरे कुणी विचारत नाही. तलाठी भरतीला कोणतीही पदवी चालते, त्यामुळे बी.एड. अर्धवट सोडण्याचं काही कारण नाही.

आणखी काही पाठ असे घेऊनही वर्गात जावंसंच वाटलं नाही, तर मला पत्र लिही. मात्र ते तू लिही, बाबांनी नको.