मॉड टाकले तर अकाउंट बॅन होतं का? मॉडिंगसाठी गेम कुठून घ्यावा?

बॅनचं आधी सांगून टाकतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये मॉड (म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल) टाकले म्हणून स्टीम, म्हणजे गेम विकणारं ते ऑनलाइन दुकान, अकाउंट बंद करत नाही. वॅकची (स्टीमची चीटिंग पकडणारी यंत्रणा) भानगड ऑनलाइन चीट करणाऱ्यांसाठी आहे. खरा ताप अपडेटचा आहे भाऊ.

मी वरूड तालुक्यातला. एका बस चालवायच्या गेमसाठी (नाव घेत नाही) मी आपली लालपरी बनवली होती. नुसता लाल रंग फासला नव्हता. 'वरूड–अमरावती, मार्गे मोर्शी' अशी पाटी, मागच्या खिडक्यांखाली वाळून काळपट पडलेले पिचकाऱ्यांचे ओघळ. त्यासाठी डेपोत फोटो काढत होतो तर कंडक्टर म्हणे, "काहून बे, तक्रार करतं का?" स्पीडोमीटरचा काटा मेलेला दिसावा म्हणून एक प्लगइनही (गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम) लिहिलं. पोट्टे घरी येऊन चालवायचे.

एका रात्री मोबाइलचं हॉटस्पॉट चालू राहिलं आणि गेम चालू करून देणाऱ्या लाँचरने न विचारता अपडेट ओढायला घेतलं. दिवसाचा डेटा अर्ध्यातच संपला. सकाळी गेम धड जुना नाही, धड नवा नाही. पुढे अपडेट पुरं केलं तर प्लगइन बंद. अशी प्लगइनं गेमच्या मूळ फाइलमधल्या ठरावीक पत्त्यांवर जाऊन बसतात. फाइल बदलली की पत्ते सरकतात. जुनी फाइल जपून ठेवली होती, पण डीआरएम (नक्कल रोखायला गेमला लावलेलं कुलूप) ती चालू देईना.

आमचे पुण्याचे भाऊजी म्हणतात, "अपडेट फुकट मिळते, वरून रडता काय?" त्यांच्या घरी फायबर आहे, बोलायला काय जातं! वावर माझं असेल तर पेरणी कधी करायची ते मी ठरवीन.

आणि हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. 'फॉलआउट: लंडन' हा प्रचंड मोठा मॉड एप्रिल 2024 मध्ये येणार होता. नेमकं 25 एप्रिलला 'फॉलआउट 4' चं मोठं अपडेट आलं आणि मॉड लांबला तो 25 जुलैपर्यंत. आला तोही जीओजीवर (स्टीमसारखंच गेमचं दुसरं ऑनलाइन दुकान), आणि स्टीमवाल्यांना आधी गेम जुन्या आवृत्तीवर न्यावा लागला.

म्हणून माझं मत सरळ आहे: जीओजीवर मिळत असेल तर तिथूनच घ्या. डीआरएम नाही, ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतो. स्टीमवरच घ्यायचा असेल तर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'चालू करीन तेव्हाच अपडेट' हा पर्याय निवडा आणि ऑफलाइन मोडमध्ये खेळा. 'युरो ट्रक सिम्युलेटर 2' वाले स्टीमच्या प्रॉपर्टीजमधल्या बीटा टॅबमधून जुन्या आवृत्त्या देतात, तेवढी दानत सगळ्यांना नसते.

हां, एक राहिलं. काही मॉड फक्त स्टीम वर्कशॉपवरच (स्टीमची मॉड वाटायची जागा) असतात, जीओजीवाल्याला ते तिथून उतरवता येत नाहीत. म्हणजे गेम घेण्याआधी तुमचे मॉड कुठे आहेत ते पाहा. आणि क्रॅक (कुलूप तोडलेली चोरीची आवृत्ती) वापरू नका. त्यासोबत काय काय येतं ते नंतर फॉरमॅट मारताना कळतं.

भाऊजी, हे वाचत असाल तर दिवाळीला येताना हार्डडिस्क आणा. जीओजीवरचे माझे इन्स्टॉलर तुमच्या फायबरवर उतरवून ठेवा, पासवर्ड ताईला पाठवतो.