उपकाराची फेड आणि खोटा जबाब

‘अपघात झाला तेव्हा गाडी मी चालवत नव्हतो, पण मीच चालवत होतो असे सांग, असा घरच्यांचा आग्रह आहे. नाही म्हटले तर मी कृतघ्न ठरेन. काय करू?’ समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कधी मालकाच्या मुलासाठी ड्रायव्हरला पुढे केले जाते, कधी नवऱ्यासाठी बायकोला, तर कधी दारू प्यायलेल्या भावासाठी न प्यायलेल्या भावाला. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गुन्हा अंगावर घेण्यासाठी त्या कुटुंबाच्या ड्रायव्हरवर दबाव आणला गेला, असा आरोप पोलिसांनी केला, तेव्हा या प्रकाराची उघड चर्चा झाली. एरवी तो घरातल्या घरात, ‘आपलेपणा’च्या नावाखाली घडतो आणि ज्याच्यावर वेळ येते त्याला बोलायलाही कुणी नसते.

अशाच एका तरुणाची हकिकत त्याच्या संमतीने आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून येथे देत आहे. वडील लहानपणीच गेल्यामुळे तो आणि त्याची आई काकांच्या घरी राहत होते. त्याच्या डिप्लोमाची फी काकांनी भरली होती आणि पहिली नोकरीही त्यांच्याच ओळखीने लागली होती. बारावीत शिकणारा, अठरा वर्षे पूर्ण न झालेला चुलतभाऊ एका रात्री काकांची मोटार घेऊन बाहेर पडला आणि त्याने एका दुचाकीस्वाराला धडक दिली. त्या माणसाच्या मांडीचे हाड मोडले. लोकांनी त्याला रुग्णालयात पोहोचवले, मुलगा घाबरून घरी पळून आला आणि पहाटेच्या आत काकांचा निर्णय झाला. “तुझ्याकडे लायसन्स आहे. तू चालवत होतास एवढेच सांगायचे. जामीन लगेच होतो, पुढचे मी बघतो. त्याचे वर्ष वाया जाऊ देऊ नकोस,” असे त्यांनी पुतण्याला सांगितले.

तो माझ्याकडे आला तेव्हा पोलिसांचे बोलावणे येऊन दोन दिवस झाले होते. सुरुवातीलाच मी त्याला स्पष्ट सांगितले की मी वकील नाही, आणि वकिलाशी केलेल्या बोलण्याला कायद्याचे जे संरक्षण असते ते समुपदेशकाशी केलेल्या बोलण्याला तसे मिळत नाही. हे सांगितले की माणूस बिचकतो, हे मला ठाऊक आहे; तरीही अशा प्रकरणात ही मर्यादा आधी सांगणे मी माझे कर्तव्य मानतो. त्याने खिशातून घडी घातलेला फुलस्केप कागद काढला. त्यावर काकांच्या हस्ताक्षरात त्याचा जबाब लिहिलेला होता: मी स्वतः गाडी चालवत होतो, समोरून अचानक दुचाकी आली, मी ब्रेक मारला. दोन दिवस तो हा कागद पाठ करत होता. मी त्याला मोठ्याने वाचायला सांगितले. तिसऱ्या ओळीपर्यंत तो नीट वाचत गेला. मग मी एवढेच विचारले, “तो माणूस कोणत्या बाजूला पडला होता?” त्याने कागदावर खालपर्यंत नजर फिरवली. ते तिथे लिहिलेले नव्हते. बराच वेळ तो काही बोलला नाही आणि मग म्हणाला, “मी तर त्यांना पाहिलेलेसुद्धा नाही.”

त्या क्षणापर्यंत त्याच्या विचारात काका होते, काकू होत्या, चुलतभाऊ होता आणि डोक्यावरचे छप्पर जाईल म्हणून धास्तावलेली आई होती. रुग्णालयातला माणूस कुठेच नव्हता. अशा दबावाचे हेच स्वरूप असते. सगळा व्यवहार ‘आपल्या माणसां’पुरता उरतो आणि ज्याचे खरोखर नुकसान झाले तो हिशेबातून गळतो. आपल्याला कुणी धडक दिली हे जाणण्याचा त्या जखमी माणसाला हक्क आहे, आणि खोट्या ड्रायव्हरचा प्रकार उघडकीस आला तर त्याच्या नुकसानभरपाईच्या दाव्यातही अडथळे उभे राहू शकतात.

पुढच्या बैठकीत आम्ही उपकाराकडे वळलो, कारण खरी गाठ तिथे होती. काकांनी आपल्यासाठी केले ते खरे आहे, हे त्याने नाकारावे असे मला मुळीच वाटत नव्हते. उपकार नाकारून सुटका करून घेणारा माणूस पुढे अपराधी भावनेने पोखरला जातो. मी त्याला काकांनी केलेल्या गोष्टी एका बाजूला आणि त्यांची फेड कशी होऊ शकते हे दुसऱ्या बाजूला लिहायला सांगितले. फीचे पैसे हप्त्याने परत देता येतील, काकांच्या म्हातारपणी धावपळ करता येईल, भावाच्या अभ्यासात मदत करता येईल, जखमी माणसाच्या उपचारखर्चाला हातभार लावता येईल. ‘न केलेला गुन्हा कबूल करणे’ हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आणि स्वतःच खोडले. ऋण आणि मागणी या दोन गोष्टी त्याच्या मनात एकजीव झाल्या होत्या. त्या वेगळ्या झाल्यावर त्याचा आवाजही थोडा मोकळा झाला.

मात्र मन मोकळे होणे पुरेसे नसते, परिस्थितीचीही नीट माहिती लागते. म्हणून मी त्याला काकांच्या ओळखीतला नसलेला स्वतंत्र वकील गाठायला सांगितले. खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करता येते, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. वकिलांनी त्याला जे समजावले त्याने चित्रच पालटले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी आहे, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणजे ‘भावाचे वर्ष’ हे पुढे केलेले कारण होते; कैदेची भीती काकांना स्वतःसाठी होती.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. अल्पवयीन मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे शिक्षेपेक्षा सुधारणेवर भर असतो, आणि अशा गुन्ह्यामुळे पुढील आयुष्यात त्याच्यावर अपात्रतेचा शिक्का बसू नये अशी तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे. तेवीस वर्षांच्या पुतण्याला हे कवच नव्हते. कायदा ज्या मुलाला सांभाळून घेणार होता त्याला वाचवण्यासाठी, कायदा ज्याला सांभाळणार नव्हता अशा मुलाला पुढे केले जात होते. बेदरकार वाहन चालवून गंभीर दुखापत करण्याचा गुन्हा त्याच्या नावावर लागला असता, नोकरी बदलताना किंवा पासपोर्टच्या पडताळणीत तो पुढे आला असता. शिवाय खऱ्या आरोपीला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हाच आहे. रस्त्यावरचे सीसीटीव्ही आणि त्या रात्री घरीच असलेल्या त्याच्या मोबाइलचे लोकेशन यांच्यापुढे तो कागद किती टिकला असता, हेही वकिलांनी त्याला विचारले.

आणि हे खोटे टिकले तरी ते नात्याच्या आधारावरच टिकते. ब्रिटनमधील राजकारणी क्रिस ह्यून यांच्या वेगमर्यादेच्या गुन्ह्याचा दोष २००३ मध्ये त्यांच्या पत्नीने स्वतःवर घेतला होता. पुढे संसार मोडला, गोष्ट बाहेर आली आणि २०१३ मध्ये दोघांनाही प्रत्येकी ८ महिन्यांची कैद झाली. नवऱ्याच्या दबावाखाली आपण हे केले, हा पत्नीचा बचाव ज्युरीने मानला नाही.

नकार कसा द्यायचा याचा आम्ही सराव केला, कारण काकांसमोर उभे राहिले की त्याची जीभ लुळी पडत असे. लांबलचक खुलासा द्यायचा नाही, काकांवर आरोप करायचा नाही, कलमे ऐकवायची नाहीत, असे ठरले. शेवटी त्याने आईला शेजारी बसवून सांगितले, “काका, तुम्ही माझ्यासाठी केलेत ते मी विसरणार नाही. पण मी गाडीत नव्हतो, आणि होतो असे मी सांगणार नाही. तुम्ही त्याला घेऊन जाल तेव्हा मी बरोबर येईन.” काका संतापले. काकूंनी बोलणे टाकले. महिनाभरात मायलेकांना भाड्याच्या खोलीत जावे लागले, आणि त्याची झळ आईलाच जास्त बसली, हे लपवण्यात अर्थ नाही. नकाराची किंमत असते, आणि ती कुठून भागवायची याचा विचार नकार देण्याआधी करावा लागतो. आम्ही खोलीच्या भाड्याचा हिशेबसुद्धा बैठकीतच मांडला होता. चुलतभाऊ पुढे वडिलांबरोबर पोलिसांसमोर गेला. दोन्ही घरांचे येणे-जाणे आजही तुटकच आहे, पण भाऊ मात्र याला अधूनमधून फोन करतो.

ज्यांच्यावर आता अशी वेळ आली आहे त्यांनी पहिली गोष्ट करावी ती म्हणजे तिथल्या तिथे होकार न देणे. ‘उद्या सांगतो’ म्हणण्याइतकी उसंत मिळवावी, आणि त्या अवधीत घराबाहेरच्या एका तरी विश्वासू माणसाला सगळे सांगावे. मालकाकडून दबाव येत असेल, कोंडून ठेवण्याची किंवा मारहाणीची धमकी असेल, तर तो समुपदेशनाचा विषय उरत नाही; ११२ वर फोन करावा. आणि ज्यांनी खोटा जबाब आधीच दिला आहे त्यांनी आता काही उपाय नाही असे समजू नये. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी स्वतःच्या वकिलामार्फत खरी हकिकत मांडणे नंतर मांडण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते, म्हणून ज्यांच्या सांगण्यावरून जबाब दिला त्यांना विचारत न बसता वकिलाची भेट याच आठवड्यात घ्यावी.