'लोइबोन'चे स्त्रीलिंग करावे का?

प्रश्न असा आहे : उत्तर केनियातल्या सांबुरू समाजात बायकांना धार्मिक अधिकार असतो. अशा बाईला मराठीत काय म्हणावे? 'लोइबोनीण', 'देवरशीण' की 'पुजारीण'?

तिन्ही नकोत. लोइबोन म्हणजे सांबुरूंचा कौल लावणारा, आणि तो पुरुष. भोपळ्याच्या तुंब्यातून खडे टाकून तो आजाराचे, संकटाचे कारण सांगतो, तरुण लढवय्यांना सल्ला देतो. ही विद्या ठरावीक घराण्यांतच चालते. त्याला 'देवरशी' म्हटले तर फारसे बिघडत नाही. (अनेकवचन 'लोइबोनोक' मूळ भाषेपुरतेच ठेवा, मराठीत 'दोन लोइबोन', 'लोइबोनाने' असेच लिहावे. 'लोइबोनोकांनी' म्हणजे अनेकवचनावर अनेकवचन.)

बाईचे तसे नाही. तिला न्काईचे, म्हणजे सांबुरूंच्या परमेश्वराचे, दर्शन होते, तेही बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी. मग ती न्काईचा निरोप लोकांना सांगू लागते. बऱ्याच जणींचे हे काही काळ चालते आणि थांबते. मोजक्या जणींचा लौकिक जन्मभर टिकतो. इथे घराणे नाही, खडे नाहीत, गादी नाही. 'लोइबोनीण' लिहिले की नसलेले पद तयार होते. 'पुजारीण'ही चुकते, कारण सकाळी दूध शिंपडून प्रार्थना करणे हे घरोघरच्या बाईचे काम, नेमलेल्या एकीचे नव्हे. 'आध्यात्मिक नेत्या' वाचून तर डोळ्यांपुढे आश्रमच येतो.

'संदेष्ट्री' वापरा. बायबलच्या भाषांतरांमुळे 'संदेष्टा' रुळलेलाच आहे. नेता-नेत्री तसे संदेष्टा-संदेष्ट्री. लहान मुलांनाही दर्शन होते, तेव्हा मुलगा असेल तर 'संदेष्टा'. 'अंगात येणे' मात्र टाळा. त्यात देव माणसाच्या तोंडून बोलतो, इथे ती पाहिलेले-ऐकलेले स्वतः सांगते.

खरी गफलत न्काईच्या लिंगात होते. सांबुरूंच्या मा भाषेत नामाआधी पुल्लिंगाला 'ल', स्त्रीलिंगाला 'न' लागतो, म्हणजे न्काई स्त्रीलिंगी. भाषांतरात सर्रास 'न्काई प्रसन्न झाला' असे येते. तिथे 'झाली' हवे. पण म्हणून 'न्काई देवी'ही लिहू नये. व्याकरणातले लिंग म्हणजे बाईचे रूप नव्हे. आपल्याकडे 'देवता' शब्द आयता आहे : विठ्ठलालाही आपण 'ही देवता' म्हणतो. 'न्काई ही देवता' लिहिले की क्रियापद आपोआप जुळते. शिवाय याच शब्दाचा अर्थ आभाळ आणि पाऊसही होतो. दुष्काळातल्या प्रार्थनेत न्काईला बोलावले आहे की पाऊस मागितला आहे, हे संदर्भावरून ठरवा. दोन्ही लागू पडत असेल तर 'न्काई'च ठेवून एकदा तळटीप द्यावी.