दाजीपूर-मालवणचा बेत: परवानगी, ढोल्या आणि भरतीचं गणित

मार्चअखेरीस पक्षी बघायला दाजीपूरचं अभयारण्य करून फोंडा घाटानं मालवणला उतरायचा तुमचा बेत, आणि अभयारण्याच्या परवानगीसाठी एका ऑफिसातून दुसऱ्यात चाललेले हेलपाटे, हे वाचून आमचीच गत आठवली. शहरातल्या एका कार्यालयानं अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारला, "गेटवर दाखवा" म्हणाले. पहाटे गेटवर गेलो तर "हा कागद इथं चालत नाही, साहेब दहाला येतात." साहेब आले अकराला. आत शिरेपर्यंत ऊन तापलेलं आणि जंगल चिडीचूप. पक्षी बघायचे तर उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास, तेच गेटबाहेर गेले. शिक्का मारणाऱ्याला एवढं आधी सांगायला काय जात होतं? अजून संताप होतो.

नियम बदलतात, त्यामुळे माझंच खरं धरू नका. पण आदल्या दिवशी थेट गेटवर विचारा: आत कधी सोडतात, पावती कोण फाडतं, वाटाड्या कोण. आणि मुक्काम राधानगरी-दाजीपूरकडेच टाका.

या दिवसांत मलबारी राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीचं तोंड एक फट ठेवून लिंपून आत अंड्यांवर बसलेली असते. नर उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो आणि फटीपाशी एकेक वर काढून आत देतो. जवळ माणूस दिसला की तो ढोलीकडे यायला कचरतो आणि आतली मादी-पिल्लं ताटकळतात. म्हणून ढोलीसमोर कॅमेरा मांडून बसणं मला मुळीच मान्य नाही. विणीच्या हंगामात मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नको. फोटोवाल्यांना राग आला तरी चालेल.

किनाऱ्यावर मात्र भरती बघून जा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत निघते (अमावस्या-पौर्णिमा म्हणजे पंधरा), तासाभराचा फरक धरायचा. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास. उजाडताना खाडीच्या तोंडाशी थांबलात तर चढतं पाणी चिखले-तुतवार या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्यांना तुमच्याकडेच रेटत आणतं. उत्तरेला परतण्याआधी काही चिखल्यांची छाती विटकरी होते, ती एप्रिलच्या तोंडावर दिसायला लागते. कुरव (सीगल) मात्र तोवर झपाट्यानं कमी होतात. तेच बघायचे असतील तर परवानगीची वाट बघत बसू नका, आधी मालवण उरका आणि दाजीपूर परतीच्या वाटेवर करा.