टाटा ४०७ ट्रकमध्ये दुसरं इंजिन बसवल्यापासून वायरिंग बिघडलंय, पूर्ण हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) बदलावा का?

नका बदलू, निदान आज तरी नाही. तुम्ही लिहिलंय की बॅटरी नवी असून सेल्फ (स्टार्टर मोटर) रडतरडत फिरतो, इंजिन चालू असताना हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर चढतो, अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होते आणि चावी ऑन केल्यावर चार्जिंगचा दिवा लागतच नाही. यातली पहिली तीन लक्षणं एकाच दुखण्याची आहेत: इंजिनाला अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) नाही.

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसी यांच्यामध्ये जाड विणलेली अर्थ पट्टी असते. इंजिन उतरवताना ती सोडतात आणि चढवताना विसरतात, किंवा रंगावरच बोल्ट आवळून मोकळे होतात. डिझेल इंजिनाचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. तो करंट बॅटरीकडे परतायला वाट शोधतो आणि त्याला तुमची अ‍ॅक्सिलरेटर केबल सापडते. केबल तापते ती त्यामुळेच. आधी याचा बंदोबस्त करा, ती केबल आतून जळून अडकली तर चालत्या गाडीत जिवावर बेतेल.

खात्री करायची तर मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावर), लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून धरून (म्हणजे ते चालू होणार नाही) कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.५ व्होल्टच्या आत हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थ खराब. मीटर नसेल तर जंपर केबलने बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनाला जोडून पाहा. सेल्फ खणखणीत फिरला तर निदान झालं. मग जाड पट्टी आणा, दोन्ही टोकांखालचा रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

काट्याचं त्यानंतरही जमलं नाही, तर नव्या इंजिनासोबत आलेला सेंडर (इंजिनाचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर) तुमच्या मीटरशी जुळत नसेल. आटे सारखे असतील तर जुन्या इंजिनाचा सेंडर काढून लावा. एका वायरीच्या सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो, त्यामुळे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका.

चार्जिंगच्या दिव्याचं कारण बहुधा वेगळं आहे. त्या बल्बमधूनच डायनामोला (म्हणजे अल्टरनेटरला) सुरुवातीचा करंट मिळतो. चावी ऑन ठेवून डायनामोच्या डी प्लस (D+) टर्मिनलची (काहींवर डब्ल्यूएल लिहिलेलं असतं) बारीक वायर काढा आणि चेसीला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष डायनामोत: ब्रश किंवा रेग्युलेटर. नाही लागला तर बल्ब उडालाय किंवा वायर तुटलीय. तिथे एलईडी बल्ब घालू नका, त्यातून पुरेसा करंट जात नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. चार्जिंग तपासायला चालू गाडीची बॅटरी काढून बघायची सवय अनेक गॅरेजांत आहे, ते मुळीच करू देऊ नका, डायनामोचे डायोड उडतात.

हे सगळं जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनासाठी लिहिलंय. तुमचं नवं इंजिन कॉमन रेलचं (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणारं) असेल तर त्याला स्वतःचा ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) आणि हार्नेस लागतोच. तसं असेल तर सांगा, आणि सेल्फ मारतानाचा तो आकडाही कळवा.