मार्चच्या पाण्यात कुठलं ल्यूर?

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. मार्चमध्ये मुलाला घेऊन लेक फोर्क या तलावावर बास मासा धरायला जायचंय. दुकानात ल्यूर, म्हणजे गळाला लावायची खोटी आमिषं, शेकड्यानं टांगलेली असतात. काय घेऊ?

उत्तर : आधी थर्मामीटर घ्या. पाणी ५५ फॅरनहाइटच्या आसपास असलं की बास उथळाकडे सरकू लागतो, पण अंगात सुस्ती असते. तेव्हा जर्कबेट लावा, म्हणजे झटके देत ओढायचं लांबट, माशासारखं ल्यूर. दोन झटके, मग पाच-सहा सेकंद अजिबात हलवू नका. मुलाला हे थांबणंच जड जाईल, पण मासा बहुधा तेव्हाच घेतो.

माझं सगळ्यात लाडकं म्हणजे लाल, खुळखुळणारं, बिनजिभेचं (तोंडाशी पट्टी नसलेलं) क्रँकबेट, म्हणजे ओढलं की थरथरणारं माशासारखं ल्यूर. पाणगवतावरून ओढायचं, अडकलं की हिसका द्यायचा. सुटता सुटताच माशाचा दणका बसतो! गढूळ पाण्यात स्पिनरबेट, म्हणजे गरगरणाऱ्या पात्याचं ल्यूर.

पाणी ६० फॅरनहाइटच्या पुढे गेलं की नर काठाशी घरटी करून अंडी राखतो. मी त्याच्या वाटेला जात नाही, तुम्हीही जाऊ नका. आणि मोजपट्टी विसरू नका. इथे १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो. हात ओला करूनच धरा.